संशोधनात प्रश्न कोठे आहे?

शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध अधूनमधून माझ्याकडे येतात. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने त्यांतील सांख्यिकी तेवढी तपासून द्यावी, एवढीच अपेक्षा असते. शीर्षके ठरलेली: अमुक तालुक्यातील अमुक इयत्तेच्या अडचणी, ‘एक चिकित्सक अभ्यास’. गेल्या वर्षी अशाच एका शिक्षकांना मी विचारले, ‘आपली अध्यापनपद्धती निरुपयोगी ठरली, असे कोणते आकडे आले म्हणजे तुम्ही मानाल?’ ते गोंधळले. असे आकडे येऊ शकतात, हा विचारच त्यांना कोणी करावयास लावला नव्हता. ज्याचे उत्तर ‘नाही’ असे येऊच शकत नाही, त्याला प्रश्न म्हणावे तरी कसे?

त्यांची रचना नेहमीचीच होती. गणितात सर्वांत कमी गुण मिळालेली मुले निवडली, महिनाभर जादा तास घेतले, पुन्हा चाचणी घेतली, गुण वाढले. परंतु महिन्याभरात वर्गातील नेहमीचे अध्यापनही पुढे सरकतेच, आणि चाचणीचा साचा मुलांच्या ओळखीचा होतो. शिवाय पहिल्या चाचणीत तळाला गेलेल्यांपैकी काही जण त्या दिवशी आजारी किंवा घाबरलेले असतात. ते काहीही न करता दुसऱ्या खेपेस वर येतात. मग ही वाढ कोणाच्या खाती मांडावयाची? तितक्याच मागे असलेल्या, पण जादा तास न मिळालेल्या मुलांशी तुलना केल्याखेरीज ते सांगता येत नाही. ही तुलना आधीच योजावी लागते. मागाहून माझ्यासारख्याने कितीही आकडेमोड केली, तरी ती निर्माण होत नाही.

‘पण काही मुलांना मदत नाकारणे अन्यायाचे नव्हे काय?’ हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर बडोद्यात मिळाले. ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथे केला. बडोद्यात शाळांचे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटात तिसरीला बालसखी मिळाली, दुसऱ्यात चौथीला. पुढील वर्षी अदलाबदल झाली. कोणतीच शाळा रिकाम्या हाताने परतली नाही आणि तुलनाही साधली. मागे पडलेली मुले बालसखीकडे गेल्यावर वर्गातील गर्दी कमी होई. तरी मागे उरलेल्या मुलांत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. सुधारली ती बालसखीकडे गेलेली मुले. गर्दी घटल्याचा लाभ कोणता आणि पातळीनुसार शिकवल्याचा कोणता, हे वेगळे काढावयाचे आहे, याचे भान असल्यामुळेच हे कळले.

यासाठी परदेशी विद्यापीठाचा पैसा लागतो, असेही नाही. मागे पडलेली चाळीस मुले असतील, तर चिठ्ठ्या टाकून वीस जणांना पहिला महिना द्यावा, उरलेल्यांना दुसरा. पहिला महिना संपताच चाळीसही जणांची चाचणी घ्यावी. वीस-वीस मुलांवरून फार मोठा दावा करता येणार नाही, हे प्रबंधातच लिहावे.

त्या शिक्षकांना हे पटले होते. तथापि शीर्षक मंजूर होऊन गेले होते व मार्गदर्शकांना बदल नको होता. प्रबंध तसाच सादर झाला, पदवी मिळाली. यंदा त्यांच्या शाळेने त्याच निष्कर्षाच्या आधारे जादा तास कायम केले आहेत. त्यासाठी आठवड्यातील चित्रकलेचे दोन्ही तास काढून घेतले आहेत.