मिंध्या कानांची साक्ष

श्राव्य उपकरणांची परीक्षणे छापणाऱ्या मासिकांवर विश्वास ठेवावा काय, हा प्रश्न आपल्या पानावर कशाला, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. लाखो रुपयांचे स्पीकर घेणाऱ्या धनिकाची फसगत झाली, तर तिचे सुतक आपण का पाळावे? परंतु पगारातून महिनोन्‌महिने पैसे बाजूला टाकून एखादा अ‍ॅम्प्लिफायर घेणारा शिक्षक किंवा कारकून हाही या मासिकांचा वाचक असतो, आणि चुकीच्या सल्ल्याची किंमत मोजणे त्याला परवडत नाही. शिवाय ‘तज्ज्ञांचे मत’ नावाचा माल बाजारात कसा तयार होतो, हे या धंद्यात जितके उघडपणे दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

या व्यवहाराची रचना पाहा. मासिकाचा खर्च बव्हंशी जाहिरातींवर चालतो. त्या जाहिराती देतो कोण? ज्याच्या मालाचे परीक्षण व्हायचे, तोच उत्पादक. परीक्षणासाठी नग पाठवतो तोही तोच. साहजिकच उत्तम नग निवडून पाठवण्याची त्याला मोकळीक असते. परीक्षण झाल्यावर ते यंत्र परीक्षकाच्या घरी दीर्घकाळ ‘उसने’ राहू शकते, किंवा गिऱ्हाइकाला कधीही न मिळणाऱ्या सवलतीत त्याला विकले जाते. ही वहिवाट सर्वश्रुत आहे; कित्येक परीक्षकांनी ती जाहीरपणे मान्यही केली आहे. प्रतिकूल परीक्षणे इतकी विरळा का, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : निकृष्ट माल आम्ही परीक्षणाला घेतच नाही! मग निकृष्ट माल कोणता, हे वाचकाने कोणाला विचारावे? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, परीक्षक प्रामाणिक असतात आणि संगीतावरील प्रेमापोटी लिहितात. असतीलही. किंबहुना या क्षेत्राचा इतिहास प्रामाणिक माणसांच्या बंडानेच सुरू होतो. अमेरिकेतील ‘हाय फिडेलिटी’ मासिकाचे तांत्रिक संपादक जे. गॉर्डन होल्ट हे जाहिरातदारांच्या दडपणाला विटून बाहेर पडले आणि १९६२ मध्ये त्यांनी ‘स्टिरिओफाइल’ काढले. १९७३ मध्ये हॅरी पिअर्सन यांचे ‘द अ‍ॅब्सोल्यूट साउंड’ जाहिरातींविनाच निघाले. परंतु कालांतराने दोन्ही मासिकांना उत्पादकांच्या जाहिराती स्वीकाराव्या लागल्या. व्यक्तीचा सच्चेपणा अर्थव्यवहारापुढे एकाकी किती काळ टिकतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरा युक्तिवाद ‘अनुभवी कानां’चा. ते म्हणे सामान्यांना न कळणारे भेद टिपतात. पण कानही निर्लेप नसतो. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असला, तर तो मोठा न वाटता ‘सरस’ वाटतो. ‘हार्मन’ कंपनीतील फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या संशोधकांचा प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४० श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर ऐकवले होते. स्पीकर दिसू लागताच भारदस्त पेट्यांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे घसरले. त्याआधी, जानेवारी १९८७ मध्ये, ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ने सुमारे २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची यंत्रे आवाज समान राखून, नावे झाकून ऐकवली. श्रोत्यांना ती खात्रीने वेगळी ओळखता आली नाहीत. जाहिरातींवर चालणाऱ्या मासिकाने हा निष्कर्ष छापला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु अशा चाचण्या अपवादच राहिल्या. नाव, किंमत आणि पेटीचे लाकूड डोळ्यांसमोर ठेवून ऐकण्याची प्रथा मात्र आजही निर्वेध चालू आहे.

आता स्वतंत्र परीक्षण करणाऱ्याच्या वाट्याला काय येते तेही पाहा. मे १९७० मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या जाहिराती न घेणाऱ्या मासिकाने लिहिले की, ‘बोस ९०१’ स्पीकरवर वाद्ये खोलीभर भटकत असल्यासारखी भासतात. कंपनीने दावा लावला. वाद्ये खोलीभर नव्हे, भिंतीलगत सरकतात, म्हणून हे विधान खोटे, असे खालच्या न्यायालयाने ठरवले! अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि अखेर ३० एप्रिल १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने कौल दिला. वाक्य छापल्यापासून तो कौल मिळेपर्यंत चौदा वर्षे गेली. जाहिरातदाराच्या मर्जीवर जगणारे कोणते मासिक हा भार उचलील?

हे मासिक तो भार उचलू शकले, कारण ते ज्या संस्थेचे, त्या ‘कन्झ्युमर्स युनियन’चा जन्मच एका संपातून झाला होता. १९३५ मध्ये ‘कन्झ्युमर्स रिसर्च’ या संस्थेत कामगार संघटना बांधणाऱ्या कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले, संप झाला, आणि संपकऱ्यांनी १९३६ मध्ये स्वतःची संस्था उभारली. जाहिरात घ्यायची नाही, आणि तपासायची वस्तू सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे दुकानातून विकत घ्यायची, हा तिचा दंडक. तिला बळ मिळाले ते वर्गणीदारांच्या पैशातून.

आपल्याकडे २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मालाची शिफारस करणाऱ्याने उत्पादकाशी असलेले आर्थिक संबंध जाहीर करणे बंधनकारक झाले. हे स्वागतार्ह असले, तरी मिंधेपणा जाहीर केल्याने तो नाहीसा होत नाही. विखुरलेले ग्राहक एकत्र आले तर व्यापाऱ्याशी बरोबरीने बोलू शकतात, हे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सामूहिक खरेदीतून दाखवून दिले आहे. त्याच वाटेने पुढे जाऊन ग्राहकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या, माल बाजारातून विकत घेणाऱ्या आणि नावे झाकून तपासणाऱ्या चाचणी-संस्था उभारल्या पाहिजेत. ग्राहक चळवळीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरावी. तोवर कोणतेही परीक्षण हाती आले, तर वाचकांनी आधी तीन प्रश्न विचारावेत : नग कोणी दिला, नाव झाकले होते काय, आणि मासिकाचा खर्च कोण भागवतो? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जेथे दिलेली नाहीत, ते परीक्षण जाहिरात समजूनच वाचावे.