परवाना मालकाचा उतरला, कामगारावर बसला

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी औद्योगिक संबंध संहिता अंमलात आली आणि १९४७ चा औद्योगिक कलह कायदा रद्दबातल झाला. ‘परवाना राज’चा उरलासुरला अवशेषही आता नाहीसा झाला, असे या संहितेचे समर्थक सांगतात. नवी कलमे जुन्या कायद्याशेजारी ठेवून वाचली तर मात्र निराळे चित्र दिसते. परवाना नष्ट झालेला नाही. तो मालकाच्या डोक्यावरून उतरून कामगाराच्या डोक्यावर बसला आहे.

१९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यामागची प्रेरणा योग्यच होती. भांडवल दुर्मिळ असलेल्या देशात ते कोठे गुंतावे, हे केवळ नफ्याने ठरू नये, अशी ती भूमिका होती. परंतु अंमल सचिवालयाच्या बंद दालनात झाला. बड्या घराण्यांनी एकाच मालासाठी अनेक अर्ज करून इतरांची वाट कशी अडविली, हे १९६७ साली प्रा. हजारी यांनी आणि १९६९ साली दत्त समितीने दाखवून दिले. या पुराव्यावरून परवानापद्धती लोकाभिमुख करता आली असती. त्याऐवजी २४ जुलै १९९१ च्या धोरणाने, अठरा उद्योग वगळता, ती मोडीतच काढली. मालक मोकळा झाला.

कामगारालाही एक परवाना लागत असे, याची चर्चा मात्र अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळे. वेतनाचा वा बोनसचा तंटा समेटात मिटला नाही, तर तो न्यायाधिकरणाकडे सोपवावा की नाही, हे कलम १० अन्वये सरकार ठरवीत असे. हे काम प्रशासकीय स्वरूपाचे आहे, असा निर्वाळा १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. सरकारने नकार दिला तर उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि तोवर चुली विझत. व्ही. व्ही. गिरी यांनी केंद्रीय श्रममंत्री असताना सक्तीच्या न्यायनिवाड्याला विरोध केला होता. मालक व संघटना यांनी समोरासमोर बसून तंटा सोडवावा, असे त्यांचे मत होते. त्यांचे मंत्रिमंडळाने ऐकले नाही.

हे दोन्ही परवाने एकत्र आले की काय होते, हे गिरणगावाने भोगले आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून कापड गिरण्यांच्या मागांची संख्या सरकारने गोठविली होती. हेतू हातमागाच्या रक्षणाचा होता; फावले ते भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाचे, जेथे कामगार कायदा नावापुरताच पोहोचला होता. दुसरीकडे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक ठरविले. ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती आणि ती गुप्त मतदानाने तपासण्याची तरतूद कायद्यात नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. कामगारांचा कौल रस्त्यावर उघड दिसत होता. कायद्याला तो दिसत नव्हता. संप बेकायदा ठरला, बोलणी करावयाची तर ती कामगारांनी नाकारलेल्या संघटनेशी! मालकांनी कापड भिवंडीत विणून घेतले. तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही.

नव्या संहितेने सरकारच्या ‘सोपवणुकी’ची अट काढली, ही सुधारणा आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. समेट फसल्यावर कोणताही पक्ष आता थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. पण ‘कोणताही पक्ष’ या दोन शब्दांतच मेख आहे. समजा, कामगारांनी संपाची नोटीस दिली. चौदा दिवस थांबणे आता सर्व उद्योगांत बंधनकारक आहे. (केंद्रीय कायद्यात ही सक्ती केवळ सार्वजनिक उपयुक्तता सेवांना होती, महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने ती आधीच आली होती.) नोटीस मिळताच समेट अधिकारी बैठक बोलावतो. पहिल्या बैठकीपासून समेटाची कार्यवाही सुरू होते आणि ती चालू असेपर्यंत व त्यानंतर सात दिवस संपाला बंदी. त्या सात दिवसांत मालकानेच न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, की निकालापर्यंत आणि पुढे साठ दिवस संप बेकायदा! पूर्वी निदान सरकारला तंटा सोपवावा लागे आणि त्या निर्णयाबद्दल विधिमंडळात मंत्र्याला जाब विचारता येत असे. आता मालकाचा एक अर्ज पुरतो. बंदी मोडणाऱ्या कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, महिनाभरापर्यंत कारावास, किंवा दोन्ही.

टाळेबंदीलाही हीच बंधने आहेत, असे सांगितले जाईल. कागदावर ते खरे आहे. परंतु मालकाजवळ टाळेबंदीखेरीज इतर हत्यारे आहेत. ठराविक मुदतीच्या नेमणुकीस संहितेने मान्यता दिली आहे. मुदत संपली की करार वाढवावयाचा नाही, एवढेच त्याने करावयाचे. कपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली आहे. त्याहून लहान कारखान्याचा मालक नोटीस व भरपाई देऊन मोकळा. कामगाराजवळ संपाखेरीज काय आहे?

ही विधेयके २३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत विरोधी पक्षांच्या बहिष्कारात संमत झाली. भारतीय श्रम परिषद २०१५ नंतर तोवर भरलीच नव्हती. संहिता अंमलात आल्यामुळे प्रश्न संपत नाही. श्रम हा समवर्ती सूचीतील विषय आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्राचे विधिमंडळ दुरुस्ती करू शकते. केवळ मालकाच्या अर्जाने संपबंदी लागू होऊ नये. ती लागू व्हायची तर दोन्ही पक्षांचा संयुक्त अर्ज हवा, एवढी एक दुरुस्ती प्रथम मागावी. गजेंद्रगडकर आयोगाने १९६९ साली सरकारपासून स्वतंत्र अशा औद्योगिक संबंध आयोगाची शिफारस केली होती; तीही या मागणीला जोडावी. निरनिराळ्या झेंड्यांखालच्या कामगार संघटनांनी या दोन मुद्द्यांपुरते तरी एकत्र येऊन नागपूरच्या अधिवेशनापूर्वी दुरुस्तीचा मसुदा प्रत्येक आमदाराच्या हाती द्यावा.