सवलत आलिशान गाडीला नको, मोटर घडवणाऱ्याला द्या

संपादक महोदय,


विजेवर चालणाऱ्या आलिशान, वेगवान गाड्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. हजार-पंधराशे अश्वशक्ती, दोन सेकंदांत शंभरचा वेग, हेच भविष्य आहे आणि म्हणून महाराष्ट्राने या गाड्यांची करमाफी चालू ठेवावी, असे लेखकाचे म्हणणे. माझी सारी नोकरी मोटरींच्या वाइंडिंग आणि टेस्टिंग विभागात झाली, त्यामुळे या लेखातला निम्मा भाग मला मनापासून आवडला आणि उरलेल्या निम्म्याला विरोध करणे भाग आहे. सवलत या गाडीला देऊ नये. गाडीच्या आतली मोटर जो इथे घडवेल, त्याला द्यावी.

आधी बाजार पाहू. पोर्शेची टायकान २०१९ मध्ये आली तेव्हा ८०० व्होल्टवर चालणारी ती पहिली मोठी मालिका-गाडी होती आणि अभियांत्रिकी म्हणून आजही ती अव्वल आहे. तरीही २०२४ मध्ये जगभरात टायकानच्या २०,८३६ गाड्या गेल्या, म्हणजे आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्याच. क्रोएशियाच्या रिमाक कंपनीने १,९१४ अश्वशक्तीची नेवेरा काढली. दीडशेच गाड्या बनवायचे ठरवले होते, त्याही खपेनात. अतिश्रीमंत गिऱ्हाईक विजेच्या हायपरकारला फारसे उत्सुक नाही, हे कंपनीचे संस्थापक माटे रिमाक यांनी २०२४ मध्ये स्वतःच जाहीरपणे सांगितले. फेरारीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या पहिल्या विद्युत गाडीचे तंत्र दाखवले आणि त्याच दिवशी २०३० पर्यंत ताफ्यातील ४० टक्के मॉडेले विजेची करण्याचा बेत २० टक्क्यांवर आणला. लॅम्बोर्गिनीनेही आपली विद्युत गाडी पुढे ढकलली.

असे का झाले, याचे उत्तर मोटरीतच आहे. पेट्रोल इंजिनातून हजार अश्वशक्ती काढायला पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब लागत असे, आणि त्या कसबालाच श्रीमंत माणूस पैसे मोजत होता. विजेच्या मोटरीत मात्र टॉर्क पहिल्या फेऱ्यापासूनच हाती असतो. चांगला इन्व्हर्टर, मोठी बॅटरी आणि तीन मोटरी एकत्र आल्या की गाडी सुसाट सुटणारच. चीनच्या शाओमी कंपनीने, जी काल-परवापर्यंत फोनसाठी ओळखली जात होती, २०२५ मध्ये १,५४८ अश्वशक्तीची एसयू-७ अल्ट्रा ५,२९,९०० युआनला विकायला काढली. आपल्या पैशांत तेव्हा ते साठ-पासष्ट लाख होत होते. इतक्या किमतीत असा धक्का मिळू लागल्यावर त्यासाठी कोट्यवधी रुपये कोण देणार? २०२४ मध्ये पोर्शेची चीनमधली एकूण विक्री २८ टक्क्यांनी घसरली, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण जाहिरातीत ती कधीच येत नाही. कारखान्याच्या मोटरीच्या नेमप्लेटवर जे किलोवॅट लिहिलेले असतात, ते तासन्‌तास चालवण्याचे असतात. तेवढा भार दिवसभर ओढूनही मोटर तापमानाच्या मर्यादेत राहिली, तरच आम्ही ती पास करत असू. गाडीच्या जाहिरातीतली अश्वशक्ती ही काही सेकंदांची असते. पुढे तांबे तापते, चुंबक तापतात आणि संगणक ताकद कमी करतो. म्हणून ज्याला या गाड्यांचे तंत्र समजून घ्यायचे आहे, त्याने कमाल आकडा सोडून तीन प्रश्न विचारावेत: मोटर किती वजनाची आहे, सतत किती ताकद देते आणि तिच्यात कोणते चुंबक आहेत?

खरी प्रगती या तीन प्रश्नांच्या उत्तरांत झाली आहे, आणि ती थक्क करणारी आहे. गोल तारेने वाइंडिंग केले की स्टेटरच्या, म्हणजे मोटरीच्या स्थिर भागाच्या, खाचेतली जेमतेम ४५ टक्के जागा तांब्याने भरते. टायकानमध्ये चपट्या, केसांच्या पिनेसारख्या वाकवलेल्या पट्ट्या वापरून हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर गेले. तेवढ्याच आकारात जास्त तांबे बसले म्हणजे रोध कमी आणि उष्णताही कमी. व्होल्टेज ४०० वरून ८०० केल्यावर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो, आणि केबल तीच ठेवली तर तिच्यातला तोटा एक चतुर्थांशावर येतो. टेस्लाने २०२१ च्या मॉडेल एस प्लेडमध्ये रोटरभोवती, म्हणजे मोटरीच्या फिरणाऱ्या भागाभोवती, कार्बन तंतूंचे वेष्टन दिले. प्रचंड फेऱ्यांवर रोटर फुटू पाहतो, ते या वेष्टनाने आवरले.

सगळ्यात मोठी झेप अक्षीय प्रवाहाच्या, म्हणजे अ‍ॅक्सियल फ्लक्स मोटरीची. नेहमीच्या मोटरीत दंडगोलात दंडगोल फिरतो. इथे रोटर भाकरीसारखी चपटी चकती असतो आणि चुंबकीय प्रवाह दांड्याला समांतर जातो. बल केंद्रापासून लांब लागते, त्यामुळे थोड्या वजनात भरपूर टॉर्क मिळतो. ऑक्सफर्डच्या यासा कंपनीने अशा मोटरीतले स्टेटरचे लोखंडी जूच काढून टाकले. २०२१ मध्ये मर्सिडीजने ही कंपनी विकत घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये यासाने १२.७ किलो वजनाच्या चाचणी मोटरीतून ७५० किलोवॅटची कमाल शक्ती मिळाल्याचे जाहीर केले. त्यापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली इटलीतल्या नार्दोची चाचणी. अशाच तीन मोटरी बसवलेल्या एएमजी जीटी एक्सएक्स या प्रायोगिक गाडीने ताशी ३०० किलोमीटरचा वेग धरून, मध्ये चार्जिंगला थांबत, साडेसात दिवसांत ४०,०७५ किलोमीटर अंतर कापले. नेमप्लेटवरचा आकडा खरा करून दाखवणे याला म्हणतात.

आता आपल्याकडे वळू. मर्सिडीजची ईक्यूएस २०२२ पासून चाकणला जुळवली जाते, याचा मला आनंदच आहे. मात्र यासाची अक्षीय प्रवाहाची मोटर जन्मली ऑक्सफर्डला आणि तिच्या मोठ्या उत्पादनाची तयारी झाली बर्लिनच्या मारिएनफेल्डे कारखान्यात. मुंबईच्या महिंद्र समूहाच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफारिना कंपनीची १,९०० अश्वशक्तीची बातिस्ता पाहा. मालकी मराठी मुलुखातल्या उद्योगसमूहाची, पण मोटरी आणि बॅटरीचे तंत्र रिमाककडून घेतलेले.

‘महाग गाडीत आलेले तंत्र पुढे स्वस्त गाडीत उतरते, म्हणून महाग गाडीला उत्तेजन द्या’ हा लेखकाचा मुख्य मुद्दा आहे. तंत्र उतरते हे खरेच. पण ते जिथे मोटरीचे आरेखन होते तिथे उतरते. पुण्यात किंवा मुंबईत कुणी दीड कोटीची गाडी करमाफीत घेतली म्हणून चाकणच्या वाइंडिंग कारागिराला चपटी तार वाकवण्याचे यंत्र मिळत नाही.

आणि ही माफी थोडीथोडकी नाही. दीड कोटीच्या पेट्रोल गाडीवर खासगी मालकाला राज्याचा वाहन कर १३ टक्क्यांनी साडेएकोणीस लाख रुपये पडतो. विजेच्या तेवढ्याच किमतीच्या गाडीवर शून्य. जीएसटी मोठ्या पेट्रोल गाडीवर ४० टक्के आणि विजेच्या गाडीवर, मग ती दहा लाखांची असो की दोन कोटींची, सरसकट ५ टक्के. वर अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोल माफ. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विद्युत गाड्यांना अवघा ६ टक्के कर सुचवला होता. तोही त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी सभागृहात मागे घेतला. महसूल फारसा मिळणार नाही आणि चुकीचा संदेश जाईल, असे कारण दिले गेले. दीड कोटीच्या गाडीवर ६ टक्के म्हणजे नऊ लाख. एवढी गाडी घेणारा माणूस नऊ लाखांसाठी डिझेलकडे परत जाईल, हे मला पटत नाही. महसूल थोडा असेल तर तो सगळाच्या सगळा एका कामासाठी राखून ठेवणेही सोपे जाईल.

ते काम कोणते, हे २०२५ ने आपल्याला दाखवून दिले. या मोटरींच्या चुंबकांना निओडिमियम लागते, आणि तापल्यावरही चुंबकत्व टिकावे म्हणून डिस्प्रोशियम, टर्बियम यांसारखी जड दुर्मीळ मूलद्रव्ये. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले. त्या पावसाळ्यात पुण्याच्या बजाजला चेतक स्कूटरचे उत्पादन चुंबकांअभावी घटवावे लागले. नोकरदार माणसाची स्कूटर अडली. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, ती योग्यच आहे. पण चुंबक लागणारच नाहीत अशी मोटरही असते. बीएमडब्ल्यू २०२० पासून अनेक विद्युत गाड्यांत रोटरवर तांब्याचेच वाइंडिंग बसवते आणि त्याला बाहेरून वीज देते. रोटरवर वाइंडिंग करणे आपल्या लोकांना नवे नाही. अहिल्यानगर आणि ऐरोलीला औद्योगिक मोटरी कित्येक दशके बनत आहेत, कसबी हात आहेत, पुण्यात एआरएआयसारखी चाचणी संस्था आहे. कमी आहे ती वाहनाच्या मोटरीसाठी लागणाऱ्या संशोधनाच्या पैशाची आणि यंत्रांची.

म्हणून राज्याच्या आगामी अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विद्युत गाड्यांवरील ६ टक्के कर पुन्हा आणावा, स्कूटर, रिक्षा, बस आणि मध्यमवर्गीय गाड्यांची माफी तशीच ठेवावी, आणि या कराचा प्रत्येक रुपया राज्यात मोटर, रोटर व चुंबक बनवणाऱ्या लघुउद्योगांना आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना द्यावा. सर्वपक्षीय आमदारांनी, विशेषतः पिंपरी-चिंचवड, चाकण आणि अहिल्यानगरच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी सभागृहात मांडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता, चिंचवड