सरस्वती महालाला आज कोण हवे?

आजच्या मुंबई संघात फिरकीपटू पद्माकर शिवलकर असते तर, हा वाद क्रिकेटवेड्यांच्या कट्ट्यावर हमखास रंगतो. त्या वादाची एक शिस्त असते. सर्वांत मोठा खेळाडू कोण हे तिथे ठरवायचे नसते. संघात आज कोणती जागा रिकामी आहे, हे आधी पाहायचे असते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयालाही हा प्रश्न लावून पाहावा. गतकाळातला एकच माणूस परत मिळणार असेल, तर कोणाला बोलवावे?

पहिले नाव अर्थातच तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांचे. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या या संग्रहाला आजचे रूप त्यांनी दिले. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. सत्ता गेली तरी त्यांनी विद्या धरली. काशीयात्रेहून पोथ्या आणल्या, युरोपीय भाषांतली हजारो पुस्तके जमवली, देवनागरी छापखाना काढला, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवले आणि नेत्ररुग्णांच्या नोंदी सचित्र ठेवल्या. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकातून जगाचा भूगोल शिकवण्याची कल्पनाही त्यांचीच. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा १८०३ चा भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख त्यांनीच कोरवला. असा माणूस कोणत्याही संस्थेला हवाच असतो.

पण सरफोजींचे मुख्य काम, म्हणजे संग्रह, पुरे झाले आहे. सुमारे ४९,००० हस्तलिखिते आज तिथे आहेत. त्यांतली मराठी ३,००० च्या घरात. पोथ्या कमी पडल्या अशी तक्रार कोणी करणार नाही.

दुसरा उमेदवार राजघराण्यातला नाही. ए. सी. बर्नेल हे तंजावरचे जिल्हा न्यायाधीश. राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची त्यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केली आणि या भांडारात काय आहे हे बाहेरच्या विद्वानांना कळू लागले. सूचीविना ग्रंथालय म्हणजे कुलूपबंद कोठार, हे त्यांनी ओळखले होते. मात्र त्यांची सूची संस्कृतापुरती होती. दरबाराच्या मोडी दप्तरासमोर बर्नेलही अडले असते, कारण जो कागद वाचता येत नाही त्याची नोंद करणार तरी काय? त्या दप्तरातले काही कागद तमिळमध्ये उतरवण्याचे काम तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने केले, हे आपण मराठी माणसांनी कृतज्ञतेने लक्षात ठेवायला हवे.

आता रिकामी जागा दिसू लागते. मोडी वाचणारे आधीच मोजके. त्यांतही तमिळ-तेलुगूच्या शेजारात घडलेली तंजावरी मराठी जाणणारे त्याहून विरळ. इथे तिसरे नाव पुढे येते: व्यंकोजींचे पुत्र, शिवछत्रपतींचे पुतणे, पहिले शहाजी. १६८४ ते १७१२ या कारकिर्दीत त्यांनी स्वतः तेलुगू आणि मराठीत नाटके लिहिली. ‘पंचभाषाविलास’मध्ये तर पाच भाषा एकाच रंगभूमीवर आणल्या. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या प्रयोगाआधी दीड शतक तंजावरात मराठी नाटक लिहिले जात होते, ते या राजामुळे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, १६९३ मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर त्यांनी पंचेचाळीसच्या आसपास विद्वानांना इनाम दिले. गावाचे नाव शहाजीराजपुरम झाले. पोथीइतकीच पोथीजवळ राहणाऱ्या माणसाच्या पोटापाण्याची सोय त्यांनी महत्त्वाची मानली.

यावर आक्षेप रास्त आहे. इनाम द्यायला राजाचा महसूल लागतो. आज ग्रंथालय तमिळनाडू शासनाच्या छत्राखाली आहे आणि तिथे शहाजीही एक अर्जदार ठरले असते. शिवाय सरफोजींनीही पाठशाळा काढली होती, हे विसरता येत नाही. छपाई आणि नोंदीची त्यांची शिस्त आजच्या डिजिटल कामालाही उपयोगी पडली असती. तरीही कागदाचे छायाचित्र काढले म्हणून तो वाचला गेला असे होत नाही. संग्राहक येऊन गेला, सूचीकारही येऊन गेला. वाचक पोसणारा मात्र हवा आहे. म्हणून आमचा कौल पहिल्या शहाजींना.

शहाजी परत येणार नाहीत, पण त्यांचे काम करता येते. महाराष्ट्र शासनाने आणि इथल्या विद्यापीठांनी तमिळनाडूशी करार करून मोडी व तमिळ दोन्ही शिकणाऱ्या तरुण अभ्यासकांना काही वर्षे तंजावरात राहण्यापुरती वृत्ती द्यावी. तंजावरच्या भोसल्यांचा अभिमान सांगणाऱ्या महाराष्ट्राने एवढा खर्च उचलायलाच हवा.