‘मानते म्हणून मानते’

आमच्या शेजारची मुलगी विरारच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. हुशार, जराशी फटकळ. परवा संकष्टीला तिची आई मोदकांची उकड मळत असताना हिने विचारलं, ‘‘आई, तू देव का मानतेस? एक कारण सांग. एकच.’’ आई म्हणाली, ‘‘मानते म्हणून मानते.’’ ‘‘हे काही कारण नाही झालं!’’ असं म्हणत कन्यारत्न तडक माझ्याकडे. मायलेकींच्या भांडणात पंच मीच असते.

निकाल मी दिला नाही, पण प्रश्न मात्र माझ्यामागे लागला. पुढचे काही दिवस मी आगाशीत भेटेल त्या बाईला तोच विचारत सुटले. या प्रश्नासाठी आमच्या गावाइतकं सोयीचं गाव नाही. इथे भवानीशंकराचं देऊळ आहे, मुंबईहून जैन मंडळी दर्शनाला येतात ते मुनिसुव्रत स्वामींचं मंदिर आहे, नंदाखालचं चर्च जवळच आणि समुद्राकडे गेलं की अर्नाळा. सगळं सायकलच्या टप्प्यात.

अर्नाळ्याची मासळीवाली पाटी उतरवता उतरवता म्हणाली, ‘‘नवरा नि पोरगा दर्यावर असतात तेव्हा माझ्या हातात काय असतं, सांग. मग कालिकामातेला हात जोडते. तेवढंच हातांना काम!’’ नंदाखालच्या मावशी म्हणाल्या, ‘‘रोझरी म्हणताना मला माझ्या आईचा आवाज ऐकू येतो गं. ती सोडली तर आईपण गेली.’’ पहाटेच्या लोकलने दादरला फुलं नेणारी माझी एक मैत्रीण दर मंगळवारी जीवदानीचा डोंगर चढते. हजारावर पायऱ्या. तिचं कारण ऐका : ‘‘देवीला जाते म्हटलं की घरात कुणी ‘कशाला’ विचारत नाही. सिनेमाला जाते म्हणून बघ बरं!’’ आम्ही दोघी खूप हसलो. पण ती काही निव्वळ गंमत करत नव्हती.

देव आहे हे सिद्ध झालंय म्हणून मी मानते, असं एकही बाई म्हणाली नाही. पोथीत लिहिलंय म्हणून, असंही नाही. मुलगी विचारत होती, हे खरं आहे का? आणि बायका सांगत होत्या, याचा मला उपयोग काय. घरोघरी या विषयावर वाद होतात नि दोन्ही बाजू फणफणत उठतात, त्याचं कारण हेच असावं. एकीचा प्रश्न एक, दुसरीचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं.

आणखी एक गोष्ट वसईकरांना तरी कुणी शिकवायला नको. आपण काय मानतो हे बरंचसं आपल्या जन्माआधीच ठरलेलं असतं. नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरून काढला, म्हणजे एकेकाळी इथे बुद्धाला शरण जाणारेही होते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. आज आमच्याकडे सामवेदी ब्राह्मणही आहेत नि सामवेदी ख्रिस्तीही. बोली एकच. एका घरात तुळशीपुढे दिवा लागतो, दुसऱ्यात क्रुसापुढे मेणबत्ती, आणि दोन्ही घरच्या आजीबाईंना आपलंच खरं वाटतं. त्यांची घरं अदलाबदल झाली असती तर? हा विचार मनात आला की माझा तरी ‘आमचाच धर्म खरा’ म्हणायचा उत्साह मावळतो.

नवसाची कथा वेगळी. वसईची मोहीम फत्ते होऊ दे, देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केला होता म्हणतात, आणि देऊळ उभं राहिलं. आगाशीच्या जैन मंदिराची कथाही तशीच. मोतीशा शेठांची जहाजं अडकली, ती सुखरूप किनाऱ्याला लागली, तेव्हा हे मंदिर झालं असं सांगतात. यावर डायगोरस नावाच्या जुन्या ग्रीक नास्तिकाची गोष्ट आठवते. वादळातून वाचलेल्यांनी देवळात वाहिलेल्या तसबिरी दाखवून त्याला कुणी म्हणालं, बघ, देव आहे की नाही! तो म्हणाला, आणि जे बुडाले त्यांच्या तसबिरी कुठायत? मासळीवालीला मी ही गोष्ट सांगितली. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘बुडालेल्यांच्या बायका पण जातात गं देवीला.’’ यावर डायगोरस काय बोलला असता, मला माहीत नाही. मी तरी काही बोलले नाही.

विचार करकरून, कारणं तपासून धर्म धरणारी नि सोडणारी माणसंही आपल्याकडे झाली, पण थोडी. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं येवल्याला १९३५ मध्ये जाहीर केलं आणि नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला १९५६ मध्ये. मधली एकवीस वर्षं! पंडिता रमाबाई शास्त्र कोळून प्यालेल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, त्यातही समाजाने टाकलेल्या बायकांना तिथल्या जोगिणी माणसासारखं वागवतात हे पाहिल्याचा वाटा मोठा होता. आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक! नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगेच झाल्या नाहीत. काही वर्षं घेतली. जातपात देवाने केलेली नाही, माणसांनी केलीय, हे त्यांचं त्यांना पटलं तेव्हाच पुढचं पाऊल टाकलं. नवरा मानतो ते बायकोने मानलंच पाहिजे असा रिवाज असलेल्या काळात हे केवढं मोठं!

हे सगळं लिहायचं खरं कारण आमच्या गल्लीतल्या एक काकू. वय बावन्न. हिमोग्लोबिन साडेसात. डॉक्टरांनी बजावलंय, उपास पूर्ण बंद, नाहीतर रक्त चढवावं लागेल. आणि काकूंचे सोळा सोमवार चालू आहेत, मुलाची नोकरी जाऊ नये म्हणून. मुलगा इंजिनीअर. तो म्हणतो, ‘‘आई, ही अंधश्रद्धा आहे, मी काही तुला करायला सांगितलं नव्हतं.’’ काका म्हणतात, ‘‘तिला सांगून उपयोग नाही, तुम्हीच बघा.’’

मी गेले. वाद घातला नाही. फक्त विचारलं, ‘‘काकू, अर्ध्यावर सोडलं तर काय होईल असं वाटतं?’’ मला वाटलं, शंकर कोपेल म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘‘शंकर भोळा आहे गं. पण उद्या खरंच याची नोकरी गेली, तर सगळे म्हणतील हिने उपास मोडला म्हणून. दोन वर्षांमागे यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा माझं वटपौर्णिमेचं राहिलं होतं, तर नणंद काय काय बोलली!’’

म्हणजे काकूंची भीती देवाची नव्हतीच. घराची होती. एरवी घरातलं कुणीही व्रतं मानत नाही, पण वाईट काही घडलं की हिशेब काकूंच्या नावावर मांडायला सगळे तयार. अशा बाईला विज्ञान समजावून काय होणार? तिचं गणित चुकलेलं नाहीच मुळी. अंधश्रद्धेवर भाषण द्यायचं तर ते काकूंना नको, दिवाणखान्यात पेपर वाचत बसलेल्या दोघांना द्यायला हवं. मासळीवालीची कालिका, मावशींची रोझरी, मैत्रिणीचा मंगळवार यांच्याविरुद्ध मला एक शब्द बोलायचा नाही. त्यातून त्यांना काही मिळतं. काकूंच्या सोमवारातून त्यांना फक्त घेतलं जातंय, तेही रक्त.

मी काकांना आणि मुलाला समोर बसवून तसं स्पष्ट सांगितलं. काका जरा रागावले. मुलगा मात्र गप्प बसला. मग काकूंच्या सासूबाई, वय पंच्याऐंशी, आतून म्हणाल्या, ‘‘नोकरी ज्याची त्याने धरावा उपास. मी सांगते ना, चालतं. आणि त्या नणंदेला फोन लावून द्या, तिच्याशी मी बोलते.’’

अजून सात सोमवार उरलेत. काकू लोहाच्या गोळ्या घेतायत, दुपारी पोटभर जेवतायत, पूजा मात्र तीच आणि तशीच चालू आहे. उपास मुलाकडे. पहिल्या सोमवारी साडेअकरालाच ऑफिसातून त्याचा आईला फोन आला होता : ‘‘आई, चहा चालतो ना गं?’’