उन्हाळ्यातला ‘व्हायरस’
मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कॉम्प्युटर रखडू लागतात आणि खापर फुटते व्हायरसवर. पण व्हायरस ऋतू पाहून येत नाही; हिवाळ्यात सुरळीत चाललेले यंत्र उन्हाळ्यातच कुरकुरत असेल, तर संशय आधी धुळीवर घ्यावा. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू होतो, रुईचे तंतू हवेत तरंगतात; ते प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांत अडकतात, त्यावर मातीची धूळ बसते आणि वारा कोंडतो. तापमान शंभर अंशांकडे सरकले की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणून सफाई होळीच्या आसपास, कूलर लावण्याआधीच उरकावी. कूलरच्या दमट हवेत धूळ चिकटून बसते. ‘उघडले तर बिघडेल’ ही भीती अगदीच निराधार नाही: कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज चिप निकामी करू शकते, व्हॅक्यूम क्लीनरचे प्लास्टिकचे तोंडही ती निर्माण करते. पण उपाय सोपा आहे. प्लग काढा, पॉवरचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज संपवा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. मग मऊ ब्रश आणि ब्लोअर चालवा, मात्र पंखा बोटाने धरून, कारण मोकळा सोडल्यास तो भरधाव फिरून बेअरिंग खराब होते. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा तेवढा खोलू नका; त्यातले कपॅसिटर वीज बंद असतानाही झटका देऊ शकतात. एवढे करूनही वेग परतला नाही, तर खुशाल फॉरमॅट मारा.