रानगवताचे देणे : डॉ. जानकी अम्मल



को ४१९, को ७४०, को ८६०३२ ही उसाची नावे आपल्या घरात मुलांनाही पाठ असतात. पण आकड्याआधीचा हा 'को' कुठला, असे बेणे न्यायला आलेल्यांना विचारले तर कोणी 'कोऑपरेटिव्ह' म्हणतो, कोणी 'कंपनी'. खरा अर्थ आहे कोइमतूर. आजच्या तमिळनाडूतल्या या गावी १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. ८६०३२ मधले ८६ म्हणजे १९८६ साल. त्या वर्षी तिथल्या निवडीत या उसाला हा क्रमांक मिळाला.

आपला देश उसाचा जुना देश. तरी त्या काळी साखर जावा बेटावरून येत असे. उत्तरेकडचा देशी ऊस बोटाएवढा बारीक. दक्षिणेकडचा जाड ऊस रसाळ खरा, पण नाजूक. रोगाला लवकर बळी पडायचा. नवी जात हवी होती, आणि ती टिपरीतून निघत नाही. टिपरी म्हणजे त्याच उसाचा तुकडा; आई जशी तशीच लेक. नवी जात हवी तर तुऱ्यातल्या बियांकडे जावे लागते. हे बी इतके बारीक की ते रुजतच नाही, असा समज होता. १८८८ च्या सुमारास जावा आणि बार्बाडोस बेटांवर ते रुजते असे दिसून आले. कोइमतूरला उसाला तुरा चांगला येतो आणि बीही धरते. म्हणून केंद्रासाठी ती जागा निवडली.

तिथे बार्बर साहेब आणि त्यांचे सहकारी टी. एस. वेंकटरामन यांनी एक धाडसी संकर केला. एका बाजूला 'वेल्लै' नावाचा जाड, गोड ऊस. दुसऱ्या बाजूला चक्क रानातले कास गवत! ओढ्याकाठी पांढरे तुरे डोलतात ना, तेच हे. कोणी त्याला काशाही म्हणतात. त्यात साखर नावालाच, पण अंगी चिवटपणा मोठा. पाण्याचा ताण सोसते, दलदल सोसते, रोगाला दाद देत नाही, कापले की पुन्हा फुटते. या संकरातून को २०५ ही जात निघाली आणि १९१८ साली पंजाबात लागवडीस दिली गेली. तिथल्या बारीक उसापेक्षा ती सरस ठरली. पुढे याच केंद्राच्या को ४१९ ने आपल्याकडच्या पुंड्या उसाची जागा घेतली. आज तुम्ही लावता त्या जवळजवळ प्रत्येक जातीत या रानगवताचे रक्त थोडेफार आहे.

याच केंद्रात १९३४ साली एक बाई कामाला आल्या. त्यांचे नाव डॉ. जानकी अम्मल. जन्म १८९७ चा, केरळातल्या तेलिचेरीचा. बहिणींची लग्ने होत गेली. जानकीबाईंनी मात्र शिकायचे ठरवले आणि तो निश्चय जन्मभर पाळला. मद्रासला शिकून त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ साली वनस्पतिशास्त्रातील डॉक्टरेट मिळवून आल्या. मुलगी चौथीपर्यंत शिकली तरी पुष्कळ मानण्याचा तो काळ होता.

त्यांचे काम होते गुणसूत्रे मोजण्याचे. प्रत्येक पेशीत सूक्ष्म धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. आईबापांचे गुण पिलात उतरतात ते त्यांच्यातून. माणसात ती ४६, ज्वारीत २०. जाड गोड उसात ८०. कास गवतात मात्र जागेप्रमाणे ४० पासून १२८ पर्यंत! म्हणजे दिसायला गवत एकच, पण ठिकठिकाणची ठेव वेगळी. कोणत्या उसाचा कोणाशी मेळ बसेल, आलेले रोप खरोखर संकराचे आहे की नाही, हे या मोजणीवरून कळते. त्यांनी उसाचा मक्याशीही संकर करून पाहिला. ती रोपे शेतापर्यंत आली नाहीत, पण ऊस, मका आणि गवते एकाच कुळातली भावंडे कशी, ते त्यातून उमगले.

पुरुषांच्या त्या संस्थेत एकट्या बाईला काम करणे सोपे नव्हते. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, त्या वर्षांतही त्यांचे काम चालू होते. १९४५ साली डार्लिंग्टन या शास्त्रज्ञासोबत त्यांनी लागवडीच्या हजारो वनस्पतींच्या गुणसूत्रांची सूची प्रसिद्ध केली. पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या १९५१ साली परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची घडी त्यांनी नव्याने बसवली. उतारवयात केरळातले सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून त्या उभ्या राहिल्या. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८४ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. त्याच वर्षी ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले.

ज्यांनी रानगवताची ठेव मोजली, त्यांना रानाचे मोल वेगळे सांगावे लागले नाही. उद्या उसावर नवा रोग आला तर त्याला तोंड देणारा गुण शोधायला शास्त्रज्ञ पुन्हा या रानगवताकडेच जाणार. कास शेतात शिरले तर जरूर काढा. पण ओढ्याकाठचे रान उगाच पेटवून देऊ नका.

एक जात उभी करायला शास्त्रज्ञांची दहा-बारा वर्षे जातात. आपण मात्र शेजारचा खोडवा तोडून तेच बेणे लावतो आणि पुढे जात बिघडली म्हणून ओरडतो. बेणे बेणेमळ्यातलेच घ्या. नऊ ते अकरा महिन्यांचे, रसरशीत, निरोगी. खोडव्याचे बेणे नको. तीन-चार वर्षांनी बेणे बदला.

आणि घरात शाळेत जाणारी लेक असेल तर तिला एक भिंग आणून द्या. उसाला तुरा आला की त्यातले बी तिला दाखवा. तिने शंभर प्रश्न विचारले तरी कंटाळू नका.